डोंगराचं वय आणि दगडाचं वय: पालिताण्याबद्दल

तू विचारलंस ते असं: आजी सांगते, गुजरातेतल्या पालिताण्याची जैन मंदिरं युगायुगांची आहेत. कॉलेजातला मित्र म्हणतो, बहुतेक सगळी दोन-तीनशे वर्षांच्या आतली आहेत. दिवाळीनंतर सोलापूरहून सगळं घर यात्रेला निघणार आहे, तर काका, खरं कुणाचं मानायचं? एकाच डोंगरावर एवढी मंदिरं कशासाठी? आणि आपण दिगंबर, तीर्थ श्वेतांबरांचं, मग तिथे आपलं काय?

जुन्या दगडी देवळांच्या दुरुस्तीत माझी पस्तीस वर्षं गेली. काळ्या दगडाची, चुन्याची, विटांची, संगमरवराची अशी सगळ्या तऱ्हेची कामं हाताखालून गेली. पालिताण्याचा डोंगर शत्रुंजय मी पाच वेळा चढलो, त्यातले दोनदा तर केवळ भिंती बघायला. म्हणून सरळ सांगतो. तुझी आजी डोंगराबद्दल बोलते आहे आणि मित्र दगडाबद्दल. डोंगराचं पावित्र्य फार जुनं आहे. त्यावरचा आज दिसणारा दगड बराचसा नवा आहे. या दोन्हींना जोडणारी गोष्ट म्हणजे उद्धार, मोडलेलं पुन्हा उभं करणं. पालिताण्याचा इतिहास हा बांधकामाचा कमी आणि पुन्हा पुन्हा केलेल्या दुरुस्तीचा जास्त आहे. हे एकदा लक्षात आलं की पायऱ्या चढताना सगळं वेगळं दिसायला लागतं.

आधी डोंगराचं. भावनगर जिल्ह्यातलं पालिताणा हे पायथ्याचं गाव. वरचा डोंगर शत्रुंजय, त्यालाच सिद्धाचल, विमलाचल, पुंडरीकगिरी म्हणतात. उंची सुमारे सहाशे मीटर, पायऱ्या साडेतीन हजारांहून अधिक. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात नसते. चोवीसांपैकी एकाही तीर्थंकरांचं निर्वाण इथे झालेलं नाही. परंपरा सांगते की पहिले तीर्थंकर आदिनाथ भगवान इथे नव्व्याण्णव पूर्व वेळा आले (पूर्व ही जैन गणनेतली फार मोठी संख्या), आणि त्यांचे पहिले गणधर, म्हणजे पट्टशिष्य, पुंडरीकस्वामी चैत्री पौर्णिमेला पाच कोटी मुनींसह इथून मोक्षाला गेले. नेमिनाथ सोडून बाकी सगळ्या तीर्थंकरांचे पाय या डोंगराला लागले असंही मानतात. नव्व्याण्णव यात्रा करण्याची रीत त्यातूनच आली.

अर्धमागधी आगमांत, म्हणजे जुन्या जैन धर्मग्रंथांत, 'सेत्तुंज' पर्वतावर साधूंनी आहार सोडून देह ठेवल्याचे उल्लेख येतात. मंदिरांचं वर्णन तिथे नाही, आहे ते फक्त डोंगर, शिळा आणि अखेरचं व्रत. म्हणजे आधी ही सल्लेखनेची जागा होती, मंदिरं मागून आली. सोलापूरच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याला कुंथलगिरी जवळ आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी तिथे सल्लेखनेने देह ठेवला तेव्हा लोटलेल्या माणसांची आठवण आपल्याकडच्या किती घरांत अजून सांगतात! कुलभूषण-देशभूषण मुनींची ती सिद्धभूमी, म्हणून महाराजांनी ती निवडली. डोंगर असा पवित्र होतो. दगड त्याच्यावर नंतर चढतो.

आता दगडाकडे येऊ, कारण माझं काम तिथलं आहे.

शत्रुंजयावरच्या जुन्या पुराव्यांत अकराव्या शतकाच्या सुरुवातीची पुंडरीकस्वामींची एक लेखयुक्त मूर्ती आहे. त्या काळी वर काय होतं, तर प्रबंधांनुसार, म्हणजे मध्ययुगीन जैन कथाग्रंथांनुसार, लाकडी मंदिर. गुजरातच्या चालुक्य राजा कुमारपाळाच्या काळात उदयन मंत्री सौराष्ट्रातल्या स्वारीवर जाताना दर्शनाला वर गेला. पूजा चालली असताना एक उंदीर दिव्याची पेटती वात तोंडात धरून पळाला. मंत्र्याच्या मनात आलं, लाकडाचं मंदिर, एक दिवस सगळं जळून जाईल. दगडाचं मंदिर बांधायचा त्याने नेम केला, पण लढाईत जखमी होऊन तो वारला. मुलगा बाहड, म्हणजे वाग्भट, याने बापाचा शब्द पुरा केला. त्याच्या मंदिराची प्रतिष्ठा ११५७च्या सुमाराची धरतात.

या कथेचा पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मंदिर उभं राहिलं आणि थोड्याच दिवसांत त्याला तडे गेल्याची बातमी बाहडला आली. त्याने शिल्पींना बोलावून विचारलं. ते म्हणाले, गाभाऱ्याभोवती भमती, म्हणजे छत असलेला प्रदक्षिणामार्ग ठेवलाय. डोंगरावरचा वारा तिच्यात शिरतो, बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून भिंत फुटते. मग भमती का नाही काढली? तर भमतीशिवाय मंदिर बांधणाऱ्याचा वंश खुंटतो, अशी समजूत होती. बाहड म्हणाला, वंश नाही टिकला तरी चालेल, मंदिर टिकलं पाहिजे. दोन भिंतींमधली जागा त्याने दगडांनी भरून घेतली.

वंशाची समजूत बाजूला ठेव. बांधकाम करणाऱ्या माणसाने हे वाचलं की तो थांबतोच. उंचावर उघड्या माथ्यावर वारा पावसाला आडवा मारतो, पाणी सांध्यांत शिरतं, उन्हाने दगड तापतो, रात्री गार होतो, आणि दोन भिंतींच्या मधली पोकळी कमकुवत पडते. पोकळी भरल्यावर दोन पातळ भिंतींची एक जाड भिंत झाली. आजही आम्ही फुगलेल्या भिंतीचं पोट असंच भरतो, फक्त दगडांबरोबर पातळ चुना ओततो. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या या दुरुस्तीत मालकाने कारागिरांचं ऐकलं. आमच्या धंद्यात हे फार क्वचित घडतं.

त्याच उद्धाराची आणखी एक गोष्ट आजीला विचार, तिला कदाचित माहीत असेल. भीमा कुंडलिया नावाचा तूप विकणारा एक गरीब माणूस तिथे आला आणि जवळचे सगळे, म्हणजे सात द्रम्म (त्या काळची नाणी), वर्गणीत देऊन बसला. बाहडने देणगीदारांच्या यादीत त्याचं नाव पहिलं लिहिलं. श्रीमंत कुरकुरले तेव्हा बाहड म्हणाला, तुम्ही थोडं दिलंत, याने सगळं दिलं. पुढे वस्तुपाल-तेजपाल या मंत्री बंधूंनीही तेराव्या शतकात शत्रुंजयावर बांधकामं केली. ती आज शोधून काढावी लागतात.

१३१३ साली अलाउद्दीन खिलजीच्या फौजेने तीर्थ मोडलं आणि मूळनायकाची, म्हणजे गाभाऱ्यातली मुख्य, मूर्ती भंगली. विक्रम संवत १३६९ हे वर्ष जैन आचार्य जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय. लोक इथपर्यंतच सांगतात आणि थांबतात. पुढचं सांगणंही तितकंच गरजेचं आहे. अवघ्या दोन वर्षांत, १३१५ साली, पाटणच्या समराशाहाने मंदिर पुन्हा उभं करून प्रतिष्ठा केली. परवानगी कुणी दिली? त्याच खिलजीचा गुजरातेतला सुभेदार अल्पखान याने. समराशाहाचं घराणं पाटणात वजनदार होतं, दरबारात ऊठबस होती. मूर्तीसाठी आरासणच्या खाणीतून संगमरवर आणला. आरासण म्हणजे आजच्या अंबाजीजवळचा भाग. तिथून पालिताण्यापर्यंत मूर्तीएवढी अखंड शिळा ओढून आणायची आणि मग डोंगर चढवायची, हे काम कसलं असेल याची कल्पना मी करू शकतो. तीन टनांचा एक दगड पन्नास फूट उंच चढवताना आमच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते, आणि आमच्याजवळ साखळ्या आणि क्रेन होती.

तीही मूर्ती पुढे भंगली. आज तू ज्या आदिनाथांपुढे उभी राहशील ती मूर्ती १५३१ सालची, विक्रम संवत १५८७, वैशाख वद्य षष्ठीची. चित्तोडच्या कर्माशाहाने केलेला हा सोळावा उद्धार. कर्माशाह दोशी. दोशी म्हणजे कापडाचा व्यापारी, मूळ संस्कृत शब्द दौष्यिक. आपल्या सोलापुरात दोशींची किती घरं आहेत ते तुला सांगायला नको, आणि कापडाशी या शहराचं नातंही. गुजरातचा शाहजादा बहादूरखान आश्रयासाठी चित्तोडला आला असताना कर्माशाहाने त्याला पैशांची मदत केली होती. १५२६ साली तो सुलतान झाला आणि जुनी मैत्री स्मरून त्याने उद्धाराचं फर्मान दिलं. प्रबंधात असंही आहे की वस्तुपालाने तीनशे वर्षांपूर्वी मम्माणी खाणीतला संगमरवर आणवून तळघरात जपून ठेवला होता, त्यातून ही मूर्ती घडवली. पुढे कधीतरी लागेल म्हणून दगड राखून ठेवणारा माणूस! आम्ही काम संपल्यावर उरलेला चांगला दगड अंगणाच्या फरशीला वापरून टाकतो.

म्हणून तुझ्या मित्राचं म्हणणं चूक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्यूलर या अभ्यासकाने शत्रुंजयावरचे ११८ शिलालेख छापले. त्यांतला सर्वांत जुना कर्माशाहाचाच, १५३१चा. निम्म्याहून अधिक लेख अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले. मूळ मंदिराचा गाभा मात्र बाहडच्या काळापर्यंत मागे जातो असं अभ्यासक मानतात. तू नीट पाहिलंस तर तळाच्या थरांचं काम आणि वरच्या शिखराचं काम एका हाताचं नाही हे तुलाही कळेल. पूर्वी ते कळत नव्हतं, कारण दरवर्षीच्या सफेदीने नक्षीवर चुन्याची जाड साल चढली होती. उद्योगपती कस्तुरभाई लालभाई हे तीर्थाचा कारभार पाहणाऱ्या आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख असताना ती साल काढवली गेली, मूळ मंदिराला खेटून उभ्या राहिलेल्या लहान लहान देवळ्या हलवल्या आणि त्यांतल्या मूर्तींसाठी नवं मंदिर बांधून १९७६ साली प्रतिष्ठा झाली. श्रद्धेच्या जागी मूर्ती हलवायची म्हणजे माणसं दुखावतात. तरी ते धीराने केलं, आणि त्यामुळेच आज मूळ मंदिर चारी बाजूंनी दिसतं.

अकबराचा आणि शाहजहानचा काळ थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल लिहिलेलं सगळीकडे मिळतं. जैन आचार्य हीरविजयसूरींची अकबराशी भेट १५८३ची. त्यातून यात्रेकरूंवरचा कर माफ झाला. खंभातच्या तेजपाल सोनीने १५९३ साली मूळ मंदिराची मोठी दुरुस्ती केली. अहमदाबादच्या शांतिदास झवेरींनी मोगल दरबारातून पालिताण्याची फर्मानं मिळवली. १६१८च्या सुमारास सवा-सोमजींचं चौमुखाचं उंच मंदिर झालं. सपाटीवरून लांबून पहिल्यांदा जे शिखर दिसतं ते त्याचं.

टुंक म्हणजे तटबंदीच्या आतला मंदिरांचा एक समूह. अशा नऊ टुंका आहेत, आणि लहान देवळ्या धरल्या तर मंदिरांची संख्या आठशे-नऊशेच्या घरात जाते. एवढी कशाला, हा तुझा प्रश्न. माझ्या समजुतीने याला दोन कारणं आहेत. पहिलं धर्मातलं: इथे एक मूर्ती बसवण्याचं पुण्य इतर ठिकाणच्या अनेक मूर्तींएवढं मानलं गेलं, म्हणून प्रत्येक घराण्याला इथे आपली एक तरी देवळी हवी होती. दुसरं बाजारातलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काठेवाडातल्या लढाया थांबल्या, वाटा सुरक्षित झाल्या, आणि मुंबई-अहमदाबादच्या जैन व्यापाऱ्यांकडे कापूस, अफू आणि चीनच्या व्यापाराचा पैसा आला. हेमाभाई, मोदी, उजमबाई, साकरचंद प्रेमचंद, बालाभाई, मोतीशा, ही टुंकांची नावं म्हणजे त्या काळच्या पेढ्यांची नावं. सोलापुरात कापसाच्या आणि कापडाच्या धंद्यामागून गुजराती घराणी येऊन वसली ती याच लाटेचं दुसरं टोक. तुझ्या पणजोबांचे बाप इकडे आले आणि त्यांचे व्याही-भाऊबंद तिकडे देवळी बांधत होते, असं समज.

मोतीशाच्या टुंकेपाशी मात्र थांब. मोतीचंद अमीचंद हे मुंबईचे जहाजवाले व्यापारी. भायखळ्याचं आदेश्वर मंदिर त्यांचं, मुंबईच्या पांजरपोळाच्या स्थापनेत जमशेटजी जीजीभाईंबरोबर तेही होते. शत्रुंजयाच्या माथ्याला दोन शिखरं आहेत आणि मधे कुंतासर नावाची खोल घळ होती. दोन्ही शिखरांवर जागा उरली नाही तेव्हा मोतीशांनी ती घळच भरून काढून तिच्यावर टुंक उभी केली. भरावावर बांधकाम म्हटलं की आमच्या छातीत धस्स होतं, कारण भराव बसतो, आणि एका बाजूला जास्त बसला की वरचं सगळं फाटतं. तिथे पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी उभं राहून मी फरशीच्या रेषा डोळ्याने तपासल्या. ज्याने तो भराव घातला त्याला दगडाचा थर न् थर दाबून बसवण्याचं आणि पाण्याला वाट काढून देण्याचं पक्कं ज्ञान होतं. त्या माणसाचं नाव कुठेही कोरलेलं नाही. मोतीशा १८३६ साली वारले, आणि पुढच्या वर्षी मुलगा खीमचंद याने प्रतिष्ठा केली. उदयन आणि बाहडचीच गोष्ट पुन्हा घडली.

आणखी एक पान तुझ्या मित्राला जरूर सांग. डोंगर जैनांचा, पण राज्य पालिताण्याच्या गोहिल ठाकोरांचं. १६५१ साली राखोप्याचा, म्हणजे यात्रेकरूंच्या राखणीचा, करार झाला. इंग्रजी अंमलात त्याची रक्कम ठरू लागली: १८२१ला वर्षाला साडेचार हजार रुपये, १८६३ला दहा हजार, १८८६ला चाळीस वर्षांसाठी पंधरा हजार. १९२६ला ही मुदत संपली आणि दरबाराने माणशी कर मागितला. तेव्हा जैन समाजाने यात्राच थांबवली. १ एप्रिल १९२६ पासून दोन वर्षं डोंगरावर माणूस चढला नाही. ज्या तीर्थासाठी माणसं हयातभर पैसा साठवायची त्या तीर्थाला घराघरातून पाठ फिरवणं सोपं नव्हतं. ज्या म्हाताऱ्यांचं आयुष्य त्या दोन वर्षांत संपलं त्यांचं दर्शन राहिलं ते राहिलंच. अखेर १९२८ साली व्हाइसरॉय आयर्विन यांच्या मध्यस्थीने वर्षाला साठ हजारांवर, पस्तीस वर्षांसाठी तडजोड झाली. शत्रुंजयाचा इतिहास सांगताना देणगीदारांची यादी लांबलचक सांगतात. हा दोन वर्षांचा रिकामा डोंगर मला त्या यादीहून मोठा वाटतो.

आता, आपलं काय? पुष्कळ आहे. शत्रुंजयाचा कारभार श्वेतांबर पेढीकडे आहे आणि बहुतेक मंदिरं त्यांची, हे खरं. पण घरी आजी निर्वाणकांड, म्हणजे मोक्षस्थानांना वंदन करणारं स्तोत्र, म्हणते ना, त्यात बघ. युधिष्ठिर, भीम, अर्जुन हे तीन पांडव आणि आठ कोटी द्रविड राजे शत्रुंजयाच्या शिखरावरून मोक्षाला गेले, असं त्यात आहे. त्याच निर्वाणकांडात कुंथलगिरीही आहे. डोंगरावर दिगंबर मंदिर आहे, तिथे जरूर जा. आणि याहून जवळची गोष्ट म्हणजे आपल्याच सोलापुरातल्या जीवराज जैन ग्रंथमालेने विद्याधर जोहरापुरकरांचा 'तीर्थवंदनसंग्रह' १९६५ साली छापला. जुन्या दिगंबर भट्टारकांनी, म्हणजे मठाधिपतींनी, आणि कवींनी निरनिराळ्या तीर्थांना केलेली वंदनं त्यात एकत्र केली आहेत. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशींनी आपली मिळकत या कामाला दिली नसती, तर हे कागद कुठल्या फडताळात कुजले असते कोण जाणे. जाण्याआधी आठवडाभर ते पुस्तक घेऊन बस.

वर एक जागा अशीही आहे जिची चर्चा जैन घरांत कमी होते: अंगारशा पिराचा दर्गा. मूल व्हावं म्हणून माणसं तिथे लहानसे पाळणे वाहतात. आपल्याकडे जिथे नवस असतो तिथे जात-धर्म कोण विचारतं, तसंच तिथेही.

जाण्याचं थोडं. चातुर्मासात यात्रा बंद असते, ती कार्तिकी पौर्णिमेला उघडते. तो दिवस टाळा, गर्दीत भिंत दिसत नाही. चार-आठ दिवसांनी जा. डोंगरावर कुणी मुक्काम करत नाही, संध्याकाळी सगळे खाली उतरतात, म्हणून पहाटे अंधार असतानाच तळेटीवरून, म्हणजे डोंगराच्या पायथ्यावरून, निघा. आजीसाठी डोली करा, तिने नको म्हटलं तरी. वर खाणंपिणं नसतं. उकळलेलं पाणी मिळेल. मूळ मंदिराच्या मागे रायणीचं झाड आहे, म्हणजे आपली खिरणी, त्याखाली आदिनाथांच्या पादुका. तिथे बसून मागच्या भिंतीच्या तळाकडे पाहा.

शेवटचं माझ्या मतलबाचं आहे. तू लिहिलंस की तुमच्या गावच्या मंदिराची कमिटी यंदा गाभाऱ्याला संगमरवरी टाइल्स लावणार आहे. जिल्ह्यातल्याच एका गावी मी उशिरा पोचलो होतो. मूर्तीच्या पीठावर पाच ओळींचा लेख होता, जुन्या लोकांना आठवत होता, कुणी उतरवून घेतला नव्हता. मी गेलो तेव्हा त्यावर सिमेंट आणि पांढरी टाइल बसली होती. सिमेंट काढायला गेलो तर काळ्या दगडाचा पापुद्रा त्याबरोबर निघून आला, अक्षरांसकट. कुणी बांधलं, कोणत्या साली, कोणत्या भट्टारकांच्या उपदेशाने, सगळं त्या पापुद्र्यात होतं. त्या कमिटीची भक्ती कमी नव्हती, त्यांना कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं, एवढंच.

तेव्हा काम सुरू होण्याआधी मला गावी घेऊन चल. सकाळी सातच्या आत पोचू, दारातून तिरपं ऊन पीठावर पडतं तेवढ्या वेळात अक्षरं उठून दिसतात. सोबत मऊ ब्रश, पाण्याची बाटली आणि स्वच्छ सुती कापड घे. पावडर, खडू, तेल, शेंदूर यांपैकी काहीही लावायचं नाही. आजीलाही आण. त्या पीठावर तिच्या सासरचं नाव आहे असं ती म्हणते, आणि संवताचे आकडे मी वाचेपर्यंत ती पुढची ओळ तोंडपाठ म्हणून दाखवेल असं मला वाटतं.